उंचीतल्या फरकाचा रकाना

सूनबाईला स्वतःच्या कामाबद्दल कधी शंका आली नाही, आणि खरं सांगायचं तर यायचं कारणही नव्हतं. बारा वर्षं ती प्रोग्रॅम लिहीत होती. इतरांनी आठवडाभर डोकं धरून बसावं आणि हिने हातातला चहा संपायच्या आत चूक कुठे आहे ते दाखवावं, असं इतक्यांदा झालं होतं की ऑफिसातल्या लोकांनी तिच्याशी पैज लावणंच सोडून दिलं होतं. त्यामुळे सासऱ्यांच्या कारखान्यातली पिवळी कार्डं कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, "दोन महिन्यांचं काम आहे." आणि दोन महिन्यांत तिने ते केलंही.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला काचेचं दार, मागच्या बाजूला कातडं कापायचं टेबल, आणि एका भिंतीवर खालपासून वरपर्यंत लाकडी फर्मे. फर्मा म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायाची लाकडात उतरवलेली नक्कल. त्याच्यावर बूट चढवायचा. इथे गिऱ्हाइकं यायची ती बाजारातला बूट ज्यांच्या पायाला मानवत नाही अशी. कुणाचा घोटा आत वळलेला, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. मापं सासरे घ्यायचे. त्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची. कापणं आणि तळ बसवणं मुलाकडे, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याकडे. हा माणूस कमी बोलायचा आणि कातड्यात हात घातला की अजिबातच बोलायचा नाही.

मास्तरांच्या कार्डावर एकेका पायाचे सतरा रकाने होते आणि ते भरायचा त्यांचा एक नियम होता. माप घेतलं आणि सांगण्यासारखं काही निघालं तर आकडा. माप घेतलं, नीट पाहिलं, आणि काहीच निघालं नाही तर पेन्सिलीने आडवी रेघ. आणि पाहिलंच नसेल तर रकाना कोरा. हा नियम त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. मुलाने लहानपणी एकदा कोऱ्या रकान्यात हौसेने रेघ ओढली होती, तेव्हा बसलेली थप्पड त्याला अजून आठवते. मास्तरांनी आयुष्यात हात उगारला तो तेवढा एकदाच.

सूनबाईला हा नियम ऐकून आनंदच झाला. दुपारच्या चहाला तिने सासऱ्यांना समजावून सांगितलं, "बाबा, आमच्या जावास्क्रिप्टमध्ये हेच आहे. तुमची रेघ म्हणजे आमचा नल. कुणीतरी मुद्दाम लिहिलंय की इथे काही नाही. आणि तुमचा कोरा रकाना म्हणजे अनडिफाइन्ड. तिथे अजून कुणी काही लिहिलंच नाही."

मास्तर बशीतला चहा फुंकत होते. "मग तुमच्या त्या भाषेला दोन्ही वेगळे कळतात?"

"विचारावं तसं कळतात. दोन्ही सारखे का, असं दोन बरोबरची चिन्हं लावून विचारलं तर ती म्हणते, सारखेच. तीन चिन्हं लावून विचारलं तर म्हणते, छे, कुठले सारखे?"

"म्हणजे विचारणाऱ्यावर आलं," मास्तर म्हणाले, आणि चहा प्यायले.

सूनबाईने कार्डं मोठ्या निगुतीने चढवली. रेघ दिसली की नल, कोरं दिसलं की तो रकाना तसाच सोडून पुढे. चौदाशे कार्डं झाली, आणि एकाही रेघेची गफलत झाली नाही. त्या बाबतीत तिला नाव ठेवायला जागा नव्हती. पूर्वी कार्ड मास्तरांच्या हातातून मुलाच्या हातात जायचं, आणि देताना मास्तर त्यावरून एकदा बोट फिरवायचे. आता मापं कॉम्प्युटरमध्ये गेली की कापायच्या टेबलाशेजारच्या छापयंत्रातून आपोआप कामाची चिठ्ठी निघायची. "तुम्ही कशाला उठबस करता?" असं म्हणून सूनबाईनेच ते बोट फिरवणं बंद केलं. मास्तर थोडं कुरकुरले, पण सुनेच्या हुशारीचं त्यांना कौतुक होतं, आणि गुडघेही दुखत होते.

पहिल्याच आठवड्यात तीन चिठ्ठ्या विचित्र निघाल्या. तळाच्या जाडीच्या जागी आकड्याऐवजी तीन इंग्रजी अक्षरं. नवरा चिठ्ठी घेऊन आला. "हे काय?"

"नॅन," सूनबाई म्हणाली. "म्हणजे ही संख्याच नाही."

"मग मी कापू काय?"

कुठे घोडं पेंड खातंय ते तिला लगेच कळलं. तळाची जाडी म्हणजे नेहमीचे बारा मिलिमीटर अधिक उंचीतला फरक. एक पाय आखूड असेल तर तेवढा तळ जाड करायचा. या तिघांचा तो रकाना कोरा होता. रेघ असती तर जावास्क्रिप्टने बारा अधिक काही नाही म्हणजे बारा, असा सरळ हिशेब केला असता. पण जे कुणी लिहिलंच नाही ते बारात मिळवायला ती भाषा तयार नव्हती. सूनबाईने ती तीन कार्डं काढून पाहिली. फार जुनी कार्डं होती. तेव्हा कार्डावर हा रकानाच छापलेला नव्हता, आणि तिघांचेही दोन्ही पाय सारखे आहेत हे नवऱ्याला पाठ होतं. मग काय, तिने एकच ओळ बदलली. रकान्यात काही असेल तर ते घे, नसेल तर शून्य धर. दोन प्रश्नचिन्हं आणि पुढे शून्य, बस्स. पुन्हा कधी नॅन छापला गेला नाही, आणि सूनबाई त्या सफाईवर मनातल्या मनात खूश झाली.

सहा महिने सगळं सुरळीत चाललं.

एका सोमवारी सकाळी काचेचं दार ढकलून टपालवाली आत आली. ही बाई या भागात वीस वर्षं टपाल वाटत होती. या गल्लीतल्या प्रत्येक दाराची फट तिला ठाऊक होती. मागच्या वर्षी तिच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तीन आठवड्यांपूर्वी तिने इथूनच नवे बूट नेले होते. ती बाकावर बसली ती बसल्यासारखी नाही, टेकल्यासारखी.

"मास्तर, तक्रार करायला आले नाही," ती म्हणाली. "बूट सुरेख आहेत. पण कंबर अशी धरते की दुपारनंतर जिना चढवत नाही. मला वाटलं, इतके महिने पडून होते, मीच चालायला विसरले असेन. म्हणून रोज थोडं थोडं जास्त चालत होते."

"किती दिवस?"

"तीन आठवडे. पण आता दिवस राहिले नाहीत हो. गुरुवारी माझी चाचणी आहे. पिशवी घेऊन सगळा रस्ता चालायचा, साहेब बरोबर असणार. जमलं तर माझी वाट मला परत. नाही जमलं तर कायमचं टेबलावर, पत्रं निवडायला." ती थोडं थांबली. "मला बसवून ठेवलं तर मी वाळून जाईन, मास्तर."

मास्तरांनी तिला उठवलं नाही आधी. नुसते बूट पाहिले. मग तिला दारापर्यंत चालवलं आणि परत आणलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तिला बूट काढून उभं केलं, मागे बसून दोन्ही खुब्यांवर हात ठेवले, आणि डाव्या पायाखाली पातळ लाकडी पट्ट्या एकावर एक सरकवायला लागले. तीन मिलिमीटर. सहा. नऊ झाल्या तेव्हा दोन्ही हात एका पातळीत आले. टपालवालीने मोठा श्वास सोडला. काय झालं ते तिला कळलं नव्हतं, पण कंबरेला कळलं होतं.

"नऊ," मास्तर म्हणाले. "हिचं कार्ड आण. आणि चिठ्ठी."

नवऱ्याने दोन्ही आणून दिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, उंचीतला फरक शून्य. कार्डावरचा तो रकाना कोरा होता. मास्तरांना आठवलं. मापाला आली तेव्हा ही बाई कुबडीवर होती, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकू शकत नव्हती. म्हणून त्यांनी ते माप घेतलंच नव्हतं, आणि तिला सांगितलं होतं की तीन आठवड्यांनी यायचं. तीन आठवड्यांनी तिला फोन गेला तो बूट तयार असल्याचा. मास्तर त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे होते. मुलाने बूट दिले, तिने घेतले.

"हे शून्य कुणी लिहिलं?" मास्तरांनी विचारलं.

नवरा म्हणाला, "चिठ्ठीवर आलं तसं मी कापलं."

सूनबाई टेबलामागून उठली. तिच्या ओठांवर उत्तर तयार होतं. हा प्रोग्रॅम माझा आहे, त्यात चूक नसते. रकाना तुम्हीच कोरा ठेवलात. हे बोलायला तिने तोंड उघडलंही. पण तिच्यात एक गुण होता, आणि तिच्या सगळ्या ताठ्याला तो एकटा पुरून उरत असे. आपलं म्हणणं खरं आहे असं म्हणण्याआधी ती ते तपासून बघायची. ती परत बसली, टपालवालीची नोंद उघडली. रकाना कोराच होता, तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे नोंद बरोबर होती. मग शून्य आलं कुठून? तिने चिठ्ठीचा हिशेब उघडला, आणि ती सुरेख ओळ समोर आली. दोन प्रश्नचिन्हं आणि पुढे शून्य.

तिच्या कानशिलांवरून गरम वारं गेलं. लाज वाटते म्हणजे काय होतं, हे तिला कामाच्या बाबतीत पहिल्यांदाच कळत होतं.

"मी लिहिलं, बाबा," ती म्हणाली.

ती तशीच पुढे बोलली. "पहिल्या आठवड्यात ते नॅन छापलं जायचं ना, तेव्हा प्रोग्रॅम बरोबर सांगत होता. हे माप कुणी घेतलेलं नाही, मी बेरीज करणार नाही, असं तो म्हणत होता. मला ते दिसायला वाईट वाटलं म्हणून मी त्याला गप्प केलं. तुमची रेघ आणि तुमचा कोरा रकाना, दोन्हींचं मी शून्य करून टाकलं."

मास्तर ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "रेघेमागे मी असतो, बाळ. त्या शून्यामागे कुणीच नव्हतं." मग मुलाकडे वळून म्हणाले, "आजपासून कार्डं परत माझ्या हातातून जातील. एकूण एक. आणि पायही मी पुन्हा बघेन."

सूनबाईच्या हातातून सहा महिन्यांचं काम एका वाक्यात काढून घेतलं गेलं. तिला ते लागलं. पण अन्याय झाला असं काही तिला म्हणता येईना.

टपालवाली बाकावरून हे सगळं ऐकत होती. "म्हणजे मी चालायला विसरले नव्हते?" तिने विचारलं.

"नाही," सूनबाई म्हणाली. "चूक माझी होती. बुधवारी दुपारी तुम्हाला बूट मिळतील."

"मिळतील ना नक्की?"

नवऱ्याने एव्हाना डावा बूट उचलून तळ उसवायला घेतलाही होता. तेच उत्तर समजायचं.

मास्तर म्हणाले, नऊचे नऊ एकदम नाही द्यायचे. शरीर महिनोन्‌महिने वाकड्यात राहिलंय, त्याला एकदम सरळ केलं तर तेही दुखतं. सहा मिलिमीटर कॉर्क तळात, आणि तीनची पट्टी बुटाच्या आत, काढता घालता येईल अशी, सवय होईल तशी वापरायची. मुलाने मान डोलावली. टपालवालीला कारखान्यातल्या जुन्या चपला देऊन, तात्पुरती पट्टी चिकटवून, घरी पाठवलं आणि दोन दिवस नेमाने थोडंच चालायला सांगितलं.

इकडे सूनबाई स्वतःशीच भांडत बसली नाही. तसली तिची जात नव्हती. तिच्या मनात पुढचा प्रश्न आला होता आणि तो जास्त वाईट होता: ही एकच बाई का? सहा महिन्यांत दोनशे बारा चिठ्ठ्या निघाल्या होत्या. त्यातल्या किती चिठ्ठ्यांच्या मागे कोरा रकाना होता? हे शोधायला तिला पाच मिनिटं लागली, कारण नोंदी तिने मुळात नीट ठेवल्या होत्या. रेघा रेघांच्या जागी होत्या, कोरं कोऱ्याच्या जागी. तीन बरोबरची चिन्हं लावून विचारलं, आणि यादी आली. अकरा नावं. पाच जोड अजून टेबलावर होते. सहा लोकांच्या पायांत गेले होते, त्यातली एक टपालवाली.

उरलेल्या पाचांना तिने स्वतः फोन लावले. नवरा म्हणाला, "मी करतो, तू राहू दे." ती म्हणाली, "नको. ओळ माझी आहे." प्रत्येकाला तिने तेच सांगितलं, आडवळण न घेता. तुमचं एक माप घ्यायचं राहिलं होतं, आणि माझ्या प्रोग्रॅमने ते घेतलंय असं धरलं. तिघांना काही त्रास नव्हता. तरी या, आम्ही पाहतो, असं तिने म्हटलंच. चौथा एक बेकरीवाला होता, तो दोन मिनिटं तोंडसुख घेऊन मग "उद्या येतो" म्हणाला. पाचव्या एक निवृत्त शिक्षिका होत्या.

"मी ते बूट कपाटात ठेवून दिलेत," त्या म्हणाल्या. "इतका छान बूट केलाय, तरी चालता येत नाही, म्हणजे माझ्याच पायात काहीतरी नवीन झालं असणार. आता या वयात कुणाला सांगायचं, म्हणून बोलले नाही."

सूनबाईने फोन ठेवला. सहा महिन्यांत एकही तक्रार आली नाही, याचा तिला केवढा अभिमान होता.

मग ती उठली आणि ती ओळ पुसली. नवी लिहिली. रकान्यात आकडा असेल तर तो मिळव. नल असेल, अगदी तीन चिन्हांनी विचारून नलच असेल, तर शून्य. आणि रकाना कोरा असेल तर चिठ्ठी छापायचीच नाही. त्या जागी मोठ्या अक्षरांत छापायचं: हे माप घेतलेलं नाही. छापयंत्रातून टेबलावरच्या पाच जोडांचे पाच कागद धडाधड बाहेर आले.

नवऱ्याने ते वाचले. "म्हणजे या पाचांचं काम बंद?"

"ते येऊन उभे राहीपर्यंत बंद."

"आठवडा जाईल."

"जाऊ दे," सूनबाई म्हणाली. आवाजात माफी नव्हती. तिचा नेहमीचा आवाज होता तो, पैज जिंकणारा. फक्त आता तो कशासाठी लागतो ते तिला कळलं होतं. नवऱ्याने पाच जोड उचलून फळीवर ठेवले.

बुधवारी दुपारी टपालवाली आली. मास्तरांनी तिला उभं केलं, खुब्यांवर हात ठेवले, चालवलं, परत चालवलं. "जा," ते म्हणाले. ती गेली.

गुरुवार उजाडला आणि मावळला. टपालवालीचा निरोप नाही.

"तक्रार असती तर आली असती," नवरा संध्याकाळी हत्यारं पुसता पुसता म्हणाला. "आली नाही म्हणजे सगळं ठीक."

"आली नाही म्हणजे आली नाही," सूनबाई म्हणाली. "त्याच्या पुढचं आपल्याला माहीत नाही." तिने फोन लावला. कुणी उचलला नाही. मास्तर कोपऱ्यात चामड्याचे तुकडे निवडत होते. त्यांनी वर पाहिलं, आणि पुन्हा खाली.

शुक्रवारी सकाळी सूनबाईने ठरवलं, सरळ टपाल कचेरीत जाऊन विचारायचं. पण आधी नऊची डाक येऊ दे, म्हणून थांबली. बदलीचा टपालवाला घड्याळासारखा यायचा, बरोबर नऊला, आणि दाराच्या फटीतून शेजारचीही पत्रं टाकून जायचा. नऊ वाजले. दहा वाजले. साडेदहाला तिने पायात चपला घातल्या, आणि तेवढ्यात काचेचं दार उघडलं.

टपालवाली दारात उभी होती. खांद्याला पिशवी, कपाळाला घाम, हातात त्यांची तीन पत्रं, फक्त त्यांची. "उशीर झाला," ती म्हणाली. "दर दाराशी लोक थांबवतायत. कुठे होतीस, काय झालं होतं, बस जरा. अशाने मी संध्याकाळपर्यंत काही पोचत नाही."

"चाचणी?" सूनबाईने विचारलं.

"साहेब तिसऱ्या जिन्याला बसले, म्हणाले, तुम्ही जाऊन या, मी इथे थांबतो." ती हसली. "काल घरी गेले आणि झोपले ती आज सकाळी उठले. फोन ऐकूच आला नाही."

नवरा हसला, आणि तो हसला म्हणजे मोठीच गोष्ट. त्याने फळीवरून तिचं पिवळं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कार्डाच्या तळाशी शेवटचा रकाना असतो, बूट वापरून झाल्यावर भरायचा: तक्रार. डाव्या पायाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. दोन्ही अजून कोरे होते.

"तक्रार काही?" त्याने विचारलं.

"छे. काही नाही."

"काही नाही," नवरा म्हणाला आणि पेन्सिल बायकोपुढे धरली. "ओढ रेघ."

सूनबाईने पेन्सिल घेतली, कानावर खोचली, आणि टपालवालीला म्हणाली, "दोन मिनिटं बसा. बूट काढा."

"अहो, म्हटलं ना, काही नाही."

"तुम्ही म्हणालात. मी अजून पाहिलं नाही."

ती जमिनीवर बसली. मास्तरांना इतक्यांदा बघितलं होतं, तसं केलं. आधी डावा बूट उलटा करून टाचेची झीज पाहिली, मग उजव्याची, दोन्ही एकमेकांशेजारी धरून. सारखी होती. आत हात घालून कॉर्कच्या कडेवरून बोट फिरवलं. मग पाय. डावा घोटा, टाच, तळवा, एकेक बोट; अंगठ्याने दाबत आणि टपालवालीच्या तोंडाकडे बघत. काही नाही. मग उजवा. घोटा, टाच, तळवा. करंगळीपाशी आली आणि तिने दाबलं तशी टपालवालीची पापणी हलली. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला मसुराएवढा लाल डाग होता.

"इथे?"

"ते काय, थोडंसं. आता वजन दोन्ही पायांवर येतंय ना, म्हणून असेल. आपोआप जाईल."

"महिन्यात फोड येईल," सूनबाई म्हणाली. उजवा बूट तिने नवऱ्याकडे दिला, जागा बोटाने दाखवली. त्याने ओलं फडकं लावून तेवढंच कातडं फर्म्यावर ताणायला घेतलं.

सूनबाईने कानावरची पेन्सिल काढली. तक्रारीच्या रकान्यात उजवीकडे लिहिलं, करंगळी, बाहेरून घासते, ताणून दिलं. मग डावीकडच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली. इतके दिवस रेघा तिने फक्त वाचल्या होत्या. तिने एक आडवी रेघ ओढली, सरळ, एका दमात, आणि कार्ड घेऊन मास्तरांकडे गेली.

सोमवारपासून कार्ड हातात आलं की मास्तर उठायचे, गिऱ्हाइकाचे पाय स्वतः पुन्हा बघायचे, आणि मगच कार्ड पुढे जायचं. आज त्यांनी चष्मा लावला. उजवा रकाना वाचला. डावा पाहिला. टपालवाली समोरच अनवाणी बसली होती, चार पावलांवर.

मास्तर उठले नाहीत. त्यांनी रेघेवरून एकदा बोट फिरवलं आणि कार्ड झालेल्या कामाच्या पेटीत टाकलं.